निवेदनाची पोच, मुक्काम ग्वांगझू

चीनला जाऊन आलो असं म्हटलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो तो कुत्र्याचा. दुसराही कुत्र्याचाच. चार दिवस मी ग्वांगझू नावाच्या शहरात राहून आलो. त्या शहराच्या एका कोपऱ्यात आमचा अख्खा वरोरा तालुका हरवून जाईल, तिथल्या नदीपुढे आमची वर्धा नाला वाटेल, आणि लोक विचारतात काय, तर "गुरुजी, खाल्लं का मंग?" मी नाही म्हणतो. त्यांचा विश्वास बसत नाही, उलट गुरुजी लपवून राह्यले असा चेहरा करतात. म्हणून हे सगळं एकदाच वहीत लिहून काढतो आहे. यापुढे कोणी विचारलं की वही हातात ठेवीन.

मी वरोऱ्याजवळच्या एका गावातला निवृत्त मास्तर. बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. चीनच्या नद्या, चीनमधलं भातपीक, चीनची लोकसंख्या, सगळं फळ्यावर काढून दाखवलं, फक्त नकाशा दर वर्षी थोडा वेगळा यायचा. पण गावात माझं नाव आहे ते भूगोलामुळे नाही, निवेदनांमुळे. आमच्याकडे काहीही झालं की निवेदन देतात. विजेची डीपी जळाली, द्या निवेदन. बस थांबत नाही, द्या निवेदन. वीस-पंचवीस जण साहेबाच्या दारात जातात, एक जण कागद पुढे करतो, साहेब कागदाचं दुसरं टोक धरतो, आणि कागदाकडे न पाहता सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात. फोटो झाला की पोच घ्यायची, टपरीवर चहा प्यायचा आणि घरी यायचं. बस अजूनही थांबत नाही. हा कागद लिहायचं काम माझं. 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की' हे माझ्याइतकं घोटून तालुक्यात दुसरं कोणी लिहीत नाही.

अशाच एका निवेदनापायी मला चीनला जावं लागलं.

ते निवेदन

बारा वर्षांपूर्वी आमच्या शिवाराला लागून एक खासगी वीज कारखाना उभा राहत होता. यंत्रं चीनची, म्हणून ती बसवायला माणसंही तिकडचीच आली. त्यांचा कॅम्प माझ्या वावराच्या बांधाला लागून होता. कॅम्पचा स्वयंपाकी चेन, पन्नाशीचा, ठेंगणा, सदा ओल्या हाताचा माणूस. आल्यावर पंधरा दिवसांत त्याने पत्र्याच्या शेडमागे भाजीचे वाफे काढले आणि महिन्याभरात गावाने त्याचा चेनभाऊ केला. मला तो 'गुर्जी' म्हणायचा. सकाळी बांधावरून हिरव्या कांद्याची जुडी माझ्या बायकोच्या, शांताच्या, हातात द्यायचा. शांताचं माहेर भामरागडकडचं. तिचा भाऊ तिथून दर वर्षी वाळवलेले वास्ते पाठवतो. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. शांताने पहिल्यांदा त्याची पुडी चेनभाऊला दिली तेव्हा त्याने ती उघडून नाकाशी धरली, बांधावर बसला आणि घळाघळा रडला. आम्ही दोघं काय करावं ते न कळून तसेच उभे राहिलो.

आमचा शेजारी पुंडलिकभाऊ याचा मोती नावाचा कुत्रा होता. नावाला पुंडलिकभाऊचा, बाकी दिवसभर कॅम्पवर पडलेला, कारण चेनभाऊ त्याला हाडं घालायचा. त्याने पॅकिंगच्या लाल पट्टीचा एक पट्टा करून मोतीच्या गळ्यात बांधला होता आणि त्याला एक लोखंडी नट अडकवला होता. मोती चालला की तो खुळखुळायचा. एक दिवस ते खुळखुळणं बंद झालं.

आता आमच्या जिल्ह्यात कुत्रं कुठे जातं हे बालवाडीतलं लेकरूही सांगेल. बिबट्याला कुत्र्याची जी आवड आहे ती आम्हाला पुरणपोळीची नाही. दर वर्षी गावातली तीन-चार कुत्री अशीच जातात. त्याच आठवड्यात नाल्याच्या रेतीत पंजे उमटलेले होते, मी स्वतः पाहिले होते. पण गावाला त्या आठवड्यात पंजे दिसेनात, चिनीच दिसायला लागले.

"गुरुजी, लिवा," पुंडलिकभाऊ माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला. "त्यानंच खाल्लं माह्या मोतीले. मोती त्याच्याच इथी राहे."

मी लिहायला बसलो. शांता दारात उभी होती. "तुमी मास्तर होय ना? पुरावा हाय का काई?"

"गावाची भावना तीव्र आहे," मी म्हणालो.

"मंग दोन वर्सं कांदे कोनं खाल्ले? भावनेनं?"

तरी मी लिहिलं. झकास लिहिलं. त्रेचाळीस सह्या झाल्या. कॅम्पच्या मॅनेजरने चेनभाऊला बाहेर बोलावलं. तो ॲप्रनला हात पुसत आला आणि आम्हा ओळखीच्या मंडळींना पाहून खुलला. मी कागद पुढे केला, मॅनेजरने टोक धरलं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, म्हणून मधे उभ्या चेनभाऊनेही पाहिलं आणि हसला. फोटो लिनने काढला. लिन म्हणजे त्यांचा हिंदी येणारा दुभाषी. आठ दिवसांत चेनभाऊला परत पाठवलं.

दोन महिन्यांनी वनरक्षकाला नाल्याच्या कपारीत लाल पट्टा सापडला, नटासकट. शेजारी हाडं आणि बिबट्याची विष्ठा. त्याने पट्टा चौकात आणून ठेवला. सगळ्यांनी येऊन पाहिला. पुंडलिकभाऊ पट्टा उचलून घरी गेला. मीही घरी गेलो, आणि बारा वर्षं त्या विषयावर एक ओळ लिहिली नाही.

नियोजन

माझा भाचा नितेश नागपूरला एलईडी दिव्यांचा धंदा करतो. माल पाहायला ग्वांगझूला जात असतो. या खेपेला म्हणाला, "मामाजी, चलता का? चार दिवसाचं काम हाय. रिटायर होऊन घरी बसून काय करून राह्यले?"

ग्वांगझू म्हटल्याबरोबर मला चेनभाऊ आठवला, कारण तो तिथला. लिन अजूनही दर दिवाळीला मला मोबाईलवर पणतीचं चित्र पाठवतो. त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. वाटलं, पत्ता नसेल, सुटलो. दोन दिवसांत पत्ता आला, चेनभाऊच्या खानावळीच्या दाराचा फोटो आला आणि पुढे लिनचं हिंदी, 'चेन साहब बहुत खुश होंगे.'

शांताने एवढंच सांगितलं, "जा. तिथला तो उच्चा टावर पाहा नाई तं नका पाहू. पन त्याच्या दाराशी जाऊन माफी मांगून या. नाई तं आल्यावर मले चीनच्या गोष्टी सांगू नका."

म्हणजे प्रवासाचा हेतू ठरला. तो व्हिसाच्या अर्जात लिहिता येत नव्हता, म्हणून तिथे 'पर्यटन' लिहिलं. पासपोर्टच्या चौकशीला घरी आलेल्या हवालदारानेही विचारलं, "गुरुजी, या वयात चीनले काऊन?" मी म्हणालो, "पाहायला." तो म्हणाला, "ताडोबा पाह्यलं का आंधी?" घरापासून दीड तासावरचं ताडोबा मी आजवर पाहिलेलं नाही. त्याने अर्जावर सही केली, पण मला कमी मार्क देऊन.

मग गाव नियोजनाला बसलं. ज्यांची सर्वांत लांबची सफर तिरुपतीची, त्यांनी मला परदेश समजावून सांगितला. पाणी उकळून प्या. कोणाला पाठ दाखवू नका. मटणाच्या दुकानासमोरून जाताना श्वास रोखा. एकाने सांगितलं की तिथे पोळी म्हणून जे देतात ते पोळी नसतं, पण काय असतं ते त्याला सांगता येईना. पुंडलिकभाऊ तेवढा या मंडळीत नव्हता. मी जाणार हे कळल्यापासून तो आमच्या दारावरून न जाता मागच्या बोळीने जाऊ लागला होता.

मी शाळेच्या वेळापत्रकासारखं चार दिवसांचं वेळापत्रक आखलं. पहिला तास, नदी. दुसरा तास, टॉवर. मधली सुट्टी. तिसरा तास, जुनं शहर. नितेशने ते पाहून कपाळाला हात लावला. "मामाजी, ते शहर तुमच्या घंटीनं चालत नाई. एका तासात तं स्टेशनातून बाहेर निघायचा दरवाजा सापडत नाई." वेळापत्रकात चेनभाऊचा तास कुठेच नव्हता हे त्याच्या लक्षात आलं असेलच. त्याने माझ्या मोबाईलमध्ये भाषांतराचं यंत्र घातलं. मी मराठीत बोलायचं किंवा लिहायचं, ते चिनीत सांगतं. मला जरा कमी ऐकू येतं म्हणून मी त्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शांताने चिवडा, जवसाची चटणी आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून वास्त्यांची पुडी दिली.

"मामीजी, विमानात वनस्पतीचं काई नेऊ देत नाई," नितेश म्हणाला.

"वनस्पती कुठी हाय? वाळलेली भाजी हाय ते," शांता म्हणाली, आणि विषय संपला.

पहिला दिवस: कुत्र्याने पकडलं

नागपूर, कोलकाता आणि पुढचं आकाश यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. ग्वांगझूला सकाळी उतरलो. विमानतळ इतका चकचकीत की चप्पल काढून चालावं असं वाटलं. सामान घेऊन निघालो तर समोरून लांब कानाचा एक बुटका कुत्रा आला. त्याच्या अंगात सरकारी जाकीट होतं. मागे दोरी धरून एक पोलीसबाई. कुत्रा माझ्या बॅगेपाशी आला, हुंगलं, आणि शेपटी हलवत तिथेच बसकण मारली. शाळेत तपासणीला आलेले अधिकारी बसायचे तसा बसला.

ज्या देशात कुत्री खातात असं मी लिहून दिलं होतं, त्या देशाच्या दारातच मला कुत्र्याने पकडलं, आणि तेही नोकरीवर असलेल्या कुत्र्याने. नितेश खाली बघून हसत होता.

बॅग उघडली. चिवडा सुटला, चटणीवर जरा चर्चा झाली, वास्ते मात्र गेले. मी यंत्रातून सांगून पाहिलं की हे भेट म्हणून आहे, एका म्हाताऱ्यासाठी आहे. पोलीसबाई फार सभ्य होती. तिने मान डोलावली आणि पुडी फडक्यासकट एका डब्यात टाकली. मग टेबलावर बसून एक छापील फॉर्म भरला, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. जप्त मालाची पोच होती ती. आयुष्यभर मी पोच घेत आलो, पण इतक्या अदबीने कोणी दिली नव्हती. ती घडी करून खिशात ठेवली.

दुसरा दिवस: टाळाटाळ

दुसऱ्या दिवशी नितेश दिव्यांच्या बाजारात गेला. मला म्हणाला, "मामाजी, तुमी तयार राहा, दुपारी त्या चेनभाऊकडे जाऊ." मी म्हणालो, "आधी शहर तरी पाहू दे. भूगोलाचा माणूस आहे मी." आणि शहर पाहायला निघालो. भूगोलाच्या नावाखाली माणूस किती पळू शकतो ते त्या दिवशी कळलं.

सकाळी एका मोठ्या हॉलमध्ये चहाला गेलो. तिथे म्हातारी मंडळी सकाळपासून दुपारपर्यंत एका किटलीवर बसतात. आमच्या चौकातही बसतात, पण ग्वांगझूला वाटी आणि जेवायच्या काड्या आधी गरम चहाने धुतात आणि तो चहा फेकून देतात. मला वाटलं, हे वाटी खराब असल्याची तक्रार आहे. मग दिसलं की सगळेच धुतात. शेजारच्या आजोबांनी माझ्या कपात चहा ओतला आणि मी हात जोडले, तर त्यांनी मला टेबलावर दोन बोटं टकटक वाजवून दाखवली. ती तिथली आभाराची रीत. मी वाजवली. ते खूश. पुन्हा ओतला, पुन्हा वाजवली. आठ कप झाले. शेवटी थांबवण्याची रीत मला येत नव्हती, म्हणून उठून पळालो.

तिथे तांदळाची पातळ पेज मिळते, अगदी आजारपणात आमच्याकडे देतात तशी, फक्त तिकडचे लोक ती ठणठणीत असताना खातात. आपोआप सरकणारे जिने, जमिनीखालून धावणारी गाडी, सगळं पाहिलं. गाडीत कोणी कोणाकडे पाहत नाही. आमच्या वरोरा-चंद्रपूर बसमध्ये एवढ्या वेळात माझं गाव, जात, पेन्शन आणि गुडघ्याचं दुखणं विचारून झालं असतं. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोड्या वेळाने करमेना.

बागेत गेलो तर एक बाई बाबागाडी ढकलत होती. लेकरू पाहावं म्हणून वाकलो, तर आत कुत्रं. त्याच्या चारही पायांत मोजे. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने आमच्याकडे फक्त तहसीलदार पाहतात. मी त्याचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. लगेच उत्तर आलं, 'खाण्यासाठी पोसत असतील.' एवढ्या खात्रीने एवढं अज्ञान मी बत्तीस वर्षांत शिकवलं, हे पाहून मला माझाच राग आला.

संध्याकाळी एका भाजीबाजारात पाय थांबले. ताज्या बांबूच्या कोंबांचे ढीग लागले होते. एकेक कोंब माझ्या पोटरीएवढा. मी या देशात बांबूची पुडी भेट घेऊन आलो होतो! आणि तीही पकडली गेली होती. ढिगापाशी उभा राहून मी स्वतःवरच हसलो. मग आठवलं की चेनभाऊ बांधावर बसून रडला होता तो काही भाजीला महाग झाला होता म्हणून नाही. हसू गेलं.

नितेशने खोलीवर विचारलं, "गेलो नाई ना आपन?"

"उद्या," मी म्हणालो.

"मामाजी, शाळेत तुमी मले उभं ठेवत होते, गृहपाठ केला नाई म्हनून. आठवते का?"

मला आठवत होतं.

तिसरा दिवस: चेनभाऊची खानावळ

माफी मी लिहूनच ठेवली होती. अर्थात, सवयीप्रमाणे. 'विषय: सन्माननीय श्री. चेन यांजविरुद्ध दिलेल्या निवेदनाबाबत दिलगिरी' अशी सुरुवात होती. नितेश म्हणाला, "हे यंत्रात टाकलं तं यंत्र मरन." त्याने मला चार साधी वाक्यं लिहायला लावली. मोतीला बिबट्याने नेलं. तुम्ही काही केलं नव्हतं. ते खोटं मी लिहिलं. मला माफ करा. चार वाक्यं लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कोणत्याही निवेदनाला लागला नव्हता.

जुन्या शहरात घरांचे वरचे मजले रस्त्याच्या कडेवर पुढे येतात आणि खाली सावलीची ओसरी होते. तशा एका ओळीत चेनभाऊची खानावळ होती. पाच टेबलं, वाफ, आल्याचा वास. मी दाराशी थांबलो. हा माणूस दार लावून घेईल, शिव्या देईल, नाहीतर ओळखच दाखवणार नाही, याची मी रात्रभर उजळणी केली होती.

चेनभाऊ आतून आला. केस पांढरे, बाकी तोच, तेच ओले हात. क्षणभर पाहिलं आणि ओरडला, "गुर्जी!" मग बारा वर्षं सांभाळून ठेवलेलं आमच्या गावचं वाक्य त्याने मला परत दिलं, "जेवला का?"

त्याने मला आत नेलं, खुर्ची पुसली, बायकोला हाक मारली. ती गोल चेहऱ्याची हसरी बाई आली, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि टाळी वाजवली. भिंतीकडे मीही पाहिलं.

तिथे तो फोटो होता. सोनेरी चौकटीत. डावीकडे मी, हातात कागद. उजवीकडे मॅनेजर, कागदाचं दुसरं टोक धरून. मागे आमच्या गावची वीस माणसं ताठ उभी. आणि मधे ॲप्रनमधला चेनभाऊ, हसणारा.

त्याच्या बायकोने स्वतःचा मोबाईल पुढे केला. त्यातून मराठी आली, "माझ्या पतीला प्रमाणपत्र देणारे शिक्षक तुम्हीच. आम्ही तुम्हाला रोज पाहतो." शेजारच्या टेबलावरच्या एका गिऱ्हाइकाने फोटोकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं आणि अंगठा वर केला. दुसरा उठून मला वाकून नमस्कार करून गेला.

"मामाजी," नितेश हळूच म्हणाला, "हे काय होय?"

मला वाटलं, याला कधी कळलंच नाही. आपल्याला का हाकललं ते न कळता हा माणूस बारा वर्षं आमची तसबीर लावून बसला आहे. आता सांगितलं तर चौकट काढावी लागेल. न सांगितलं तर मी उद्या विमानात बसेन, घरी जाईन, आणि शांता विचारेल. खरं सांगतो, न सांगण्याचा मोह फार मोठा होता. मला तिथे कोणी गुन्हेगार समजत नव्हतं, सत्कारमूर्ती समजत होतं, आणि सत्काराची मला आवड आहे.

पण बाई पुन्हा फोटोकडे पाहून हसली आणि मला ते सहन होईना. मी मोबाईल काढून चेनभाऊपुढे टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. त्याने वाचावं अशी माझी कल्पना. आवाजाचं मी विसरलो होतो.

यंत्र खणखणीत आवाजात चिनी बोलू लागलं. अख्खी खानावळ वळली. पहिलं वाक्य झालं असेल नसेल, चेनभाऊने आपला ओला पंजा मोबाईलवर दाबून धरला. आवाज त्याच्या हाताखाली गुरगुरत संपला. बायकोने काहीतरी विचारलं. त्याने हसून काहीतरी सांगितलं, तीही हसली आणि आत गेली. मग त्याने मोबाईल उचलून माझी चारही वाक्यं वाचली. पुन्हा वाचली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि त्याने एका बोटाने टाइप करून पडदा माझ्याकडे फिरवला.

'मला माहीत आहे. लिनने विमानतळावर सांगितले होते. पत्नीला माहीत नाही. आधी जेवण करा.'

जेवण आलं. भात, वाफवलेला मासा, आणि एका वाडग्यात बांबूचे कोंब, हरभऱ्याची डाळ घालून, वर लाल मिरचीची फोडणी. शांता करते तसे. इतकं तिखट तिथे कोणी खात नाही, गिऱ्हाइकं माझ्याकडे धास्तावून पाहत होती. तो समोर बसून माझ्या पानाकडे पाहत होता, म्हणून सगळं संपवलं.

मग खिशातली विमानतळाची पोच काढून त्याच्यापुढे ठेवली. दुसरं द्यायला काही नव्हतं. त्याने चष्मा लावला आणि वाचलं. चिनीत काय लिहिलं होतं ते मला येत नाही, पण 'वाळवलेले बांबूचे कोंब, एक पुडी' असंच काहीतरी असणार. "शांताबाई?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने कागद नाकाशी नेला, वास येणार नाही हे माहीत असून. मग उठला, फोटोच्या चौकटीत काचेच्या कडेला तो खोचला आणि डोळे पुसत आत गेला. दोन बोटं टेबलावर वाजवायची मला आठवण झाली, पण हात उचलला नाही.

निघताना तो स्टेशनापर्यंत सोडायला आला. बायको दारातून हात हलवत राहिली. वळणापलीकडे, ती दिसेनाशी झाल्यावर, मी विचारलं, "फोटो का लावलात?" या वेळी आवाज बंद करून.

त्याने उभ्याउभ्या उत्तर लिहिलं. मॅनेजरने कागदपत्रांबरोबर फोटो दिला होता. घरी बॅग उघडली तेव्हा तो बायकोच्या हाती लागला. बक्षीस मिळालं का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. 'मला फार लाज वाटत होती,' असं त्याने लिहिलं होतं.

लाज त्याला वाटत होती! आम्ही त्रेचाळीस जण सह्या करून चहा प्यायलो, आणि लाज त्या माणसाने घरी नेली. मी रस्त्यात उभा राहून रडलो. साठी उलटलेला माणूस परक्या मुलखात भर रस्त्यात रडतो आहे, आणि भाचा इकडे-तिकडे पाहत पाणी शोधतो आहे. कोणी वळून पाहिलं नाही. त्या शहराची ती एक गोष्ट मला त्या वेळी फार बरी वाटली.

चेनभाऊने माझ्या पाठीवर थापटलं. मग आपल्या गळ्याभोवती बोट फिरवून त्याने पट्ट्याची खूण केली आणि भुवया उंचावल्या. मी सांगितलं, पट्टा सापडला, नटासकट, नाल्यात. पुंडलिकभाऊकडे आहे. त्याने मान हलवली. मोतीसाठी त्या गावात खरं वाईट वाटलेला दुसरा माणूस कोण असेल, तर तो हा होता.

स्टेशनच्या दाराशी त्याने पुन्हा माझा मोबाईल मागितला. बराच वेळ टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. मला वाटलं, आता माफीचं काय ते सांगेल. पडदा माझ्याकडे फिरवला तेव्हा त्याचा चेहरा अगदी गंभीर होता, शाळेतल्या हुशार पोराने अडचणीचा प्रश्न विचारावा तसा.

'त्या बिबट्याबद्दल तुम्ही कोणाला कागद दिला?'

मी वाचलं. नितेशनेही वाचलं. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी स्टेशनात शिरत होते. चेनभाऊ वाट पाहत होता. मी 'कोणालाच नाही' असं लिहिलं आणि घाईत चुकीचं बटण दाबलं, तर आवाज पुन्हा सुरू झाला, आणि यंत्राने ते चिनीत, मोठ्याने, साऱ्या स्टेशनाला सांगितलं.